समुद्र – नग एक

“‘आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतील समुद्र...’” इथवर वाचून मी थांबलो आणि तीच ओळ पुन्हा एकदा मनात वाचून पाहिली.

“फुडे वाचा, भाऊसाहेब,” सरपंच सुभद्राकाकी म्हणाल्या.

“‘...हा दिनांक पाच ऑगस्टच्या तपासणीत मोठ्या प्रमाणावर कार्बन डायऑक्साइड वायू हवेत सोडताना आढळून आला आहे. हाच समुद्र जानेवारीत सदर वायू शोषून घेत असल्याचे अभिलेखावरून दिसते. तरी समुद्राच्या वर्तनातील या बदलास प्रतिबंध करण्यासाठी आपण कोणती कार्यवाही केली, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा. अन्यथा आपणास सेवेतून निलंबित का करण्यात येऊ नये...’”

शाळेच्या खोलीत ऐंशी-नव्वद माणसं दाटीवाटीनं बसली होती. बाहेर, ज्याच्याबद्दल नोटीस होती तो, धडाधडा आपटत होता. गुन्हा त्याचा, पण नोटिशीवर नाव माझं होतं. गुंडेराव बिराजदार, ग्रामसेवक, खवळेबंदर.

“निलंबित कोणाक? दर्याक?” मागून म्हाताऱ्या जिवबा कुबलनं विचारलं. जिवबा जन्मभर मासेमारी करून आता किनाऱ्यावर गोटी सोड्याचं दुकान चालवायचा.

“दर्याला नाही. मला.”

“मगे ठीक आसा,” जिवबा म्हणाला, आणि सभा जरा सैल होऊन बसली.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि समुद्र पाहून मला जेमतेम वर्ष झालं होतं. माझं गाव औसा तालुक्यातलं. आमच्याकडे पाण्याची मोजदाद फार बारकाईनं होते. कुणाच्या शेतात किती विहिरी, त्यातल्या किती आटल्या, तळ्यात गाळ किती, हे आमच्या पोरासोरांनाही तोंडपाठ असतं. त्यामुळे त्या वर्षी सरकारनं ‘निर्मळ हवा गाव’ नावाची स्पर्धा काढली, तिचा आठ पानी अर्ज माझ्या टेबलावर येऊन पडला आणि त्यात ‘वायू शोषून घेणारे जलसाठे’ असा एक रकाना दिसला, तेव्हा मी माझ्या वळणाप्रमाणे तो चोख भरला. विहिरी – नग चौदा. तळे – नग एक. समुद्र – नग एक. पुढे क्षेत्रफळ विचारलं होतं. ते काही मला ठाऊक नव्हतं, म्हणून लिहिलं, ‘नजर पोचते तिथपर्यंत.’

हसू नका. शाळेत शिकलो होतो की धुरांड्यांतून आणि मोटारींतून निघणाऱ्या वायूचा चांगला मोठा वाटा समुद्र पिऊन टाकतो. पितो ना? मग लिहायला नको? किनाऱ्यावरच्या इतर गावांनी झाडं लिहिली, कांदळवनं लिहिली. समुद्र लिहिण्याची अक्कल फक्त मला सुचली. जानेवारीत समितीचा माणूस एक पेटी घेऊन आला, पाण्यात नळी सोडून बसला आणि म्हणाला, “खरंच शोषतोय की हो!” खवळेबंदर जिल्ह्यात पहिलं आलं. दुसऱ्या नंबराच्या गावाला सहाशे चाळीस गुण होते. आमचे गुण लिहायला रकाना पुरला नाही.

गाव एवढं हुरळलं त्याला कारण होतं. अंतिम फेरी जिंकणाऱ्या गावाला त्याच्या पसंतीचं एक काम सरकार करून देणार होतं, आणि खवळेबंदरला एकच काम हवं होतं. धक्का. होड्या लागायला जागा नव्हती. मासळी घेऊन आलेली होडी लाटांत हेलकावत उभी राहायची आणि बायका डोक्यावर टोपल्या घेऊन छातीएवढ्या पाण्यातून तिच्यापर्यंत जायच्या. दरसाल कुणाचा तरी हात मोडायचा, कुणाची बरगडी. पंचवीस वर्षं अर्ज जात होते आणि पंचवीस वर्षं ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पुढे सरकत होते.

सुभद्राकाकी तारी सरपंच झाल्या त्याच मुळी धक्क्यासाठी. दुसरं त्या काही बोलतच नसत. आणि त्यांचा आकडाही ठरलेला होता. “तीस वाव,” त्या म्हणत. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी. इंजिनिअर यायचा, म्हणायचा, “काकी, पंधरा वाव पुष्कळ झाला.” काकी म्हणायच्या, “तीस.” “पण का?” “तीस म्हणजे तीस.” मला वाटायचं, घासाघीस करायला म्हणून आकडा वाढवून सांगत असतील.

तर आता सभा पुढे सुरू झाली.

“भाऊसाहेब,” काकी म्हणाल्या, “अर्जातसून दर्या काढलास तर?”

“काढता येईल. एका ओळीचं पत्र. समुद्र चुकून लिहिला गेला, तो गावच्या हद्दीत नाही.”

“खबरदार!” जिवबा उठून उभाच राहिला. “दर्या आमचो नाय म्हणान सरकाराक लिवन दितास? पाटथरवाले वाटच बघतहत. उद्या म्हैसखडकार जाळा टाकतले!”

पाटथर हे शेजारचं गाव. म्हैसखडक नावाच्या खडकाभोवतीचं पाणी कोणाचं, यावर दोन्ही गावांची कोर्टात वीस वर्षं जुंपली होती. खवळेबंदरच्या वकिलाचा सगळा जोर एकाच वाक्यावर होता, की समुद्र आमचा आहे. आता ग्रामसेवकाच्या सहीशिक्क्यानं तो आमचा नाही असं गेलं असतं, तर वकिलानं माझा गळा धरला असता आणि मग गावानं.

“मग दुसरा उपाय?” मी रडवेला होऊन विचारलं.

सभा विचारात पडली. दर्या वर्षातून चार महिने पाटथरला भाड्यानं द्यावा, असं एकानं सुचवलं. दुसऱ्यानं विचारलं की हा वायू वास मारतो का, कारण त्याला दोन दिवस कसला तरी वास येत होता. त्याची बायको म्हणाली की ते खत आहे. शेवटी जिवबानं घसा खाकरला.

“मंगळवारी नारळी पुनव. नारळ दिलो काय दर्या थंड जाता. ह्या काय आज ठरला? आज्या-पणज्यापासून देतंव. ता लिवा. कार्यवाही म्हणजे ह्याच ना?”

मला दुसरं काही सुचत नव्हतं. पौर्णिमेला वाजतगाजत नारळ गेला. सरपंचांनी तो द्यायचा अशी रीत असावी, पण काकींनी नारळ जिवबाच्या हातात ठेवला आणि स्वतः मागे, लाट पोचणार नाही अशा ठिकाणी, कोरड्या वाळूत उभ्या राहिल्या. काकी पाण्यात पाय घालत नसत. गावात ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्यावर बोलत नसे. मी समजायचो, सरपंच झाल्यामुळे असेल. खुर्ची मिळाली की माणसं असं काहीतरी सुरू करतात. आमच्या तालुक्याचे सभापती सायकलवर बसेनासे झाले होते.

मी खुलासा पाठवला. ‘समुद्र शांत करण्याकामी नारळ अर्पण करण्याची कार्यवाही पूर्ण.’ तीन दिवसांत उत्तर आलं. ‘नारळांची संख्या नमूद नाही. छायाचित्र जोडलेले नाही. प्रत्यक्ष पाहणीसाठी समिती येत आहे.’

समिती ऑगस्टच्या शेवटी आली. तिचे अध्यक्ष हंबर्डे साहेब गुडघ्यापर्यंतचे बूट घालून जीपमधून उतरले. त्यांच्यामागून डॉक्टर ऋजुता खांबेटे उतरल्या. वय तिशीच्या आत, पाठीवर पेटी, चेहरा त्रासलेला. पाच ऑगस्टची मोजणी त्यांचीच. आपल्या मोजणीवरून कोणी समुद्राला नोटीस काढेल अशी बाईंना कल्पना नव्हती, आणि सबंध रस्ताभर त्या हेच साहेबांना सांगत आल्या असणार.

साहेब वाळूवर उभे राहिले. “हा समुद्र नेमका कुठून सुरू होतो?”

“हयसून,” जिवबानं पायाशी बोट दाखवलं.

“आणि संपतो कुठे?”

“ता भाऊसायबांनी लिवलेला आसा. नजर पोचता थयसर.”

साहेबांनी ते टिपून घेतलं. तेवढ्यात एक लाट बुटात शिरली, म्हणून आम्ही सगळे जिवबाच्या दुकानात गेलो.

“मॅडम, मला साध्या भाषेत सांगा,” साहेब बाकावर बसून बूट पालथा करत म्हणाले. “जानेवारीत घेणारा माणूस ऑगस्टमध्ये देऊ कसा लागतो?”

ऋजुताबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि जिवबाच्या फळीवरची गोटी सोड्याची बाटली उचलली. “यात हाच वायू आहे, साहेब. बाटली गार असली आणि तोंड बंद असलं की तो पाण्यात मुकाट बसून राहतो. समुद्राच्या खोल पाण्याचं असंच आहे. वरच्या पाण्यातले जीव मरून खाली जातात, तिथं कुजतात, त्यांचा वायू त्या गार पाण्यात साठत जातो. वरती दाबायला पाण्याचा एवढा थर. पावसाळ्यात वारं आणि प्रवाह किनाऱ्याजवळचं वरचं पाणी आत ढकलून नेतात. मग त्याच्या जागी खालचं वर येतं, आणि...” त्यांनी गोटी आत दाबली. फस्सकन आवाज होऊन सोडा साहेबांच्या कोरड्या राहिलेल्या बुटावर सांडला. “थंडीत ते थांबतं. वरच्या पाण्यात बारीक वनस्पती वाढतात, त्यांना हा वायू लागतो, मग इथलं पाणी हवेतून तो आत ओढून घेतं. समुद्र कुणाचं काही बिघडवत नाहीये. तो श्वास घेतोय आणि सोडतोय.”

“म्हणजे दोष ढवळण्याचा,” साहेब म्हणाले.

“दोष कोणाचाच नाही!”

“ढवळणं थांबवलं की सोडणं थांबेल.”

“साहेब, हे ढवळणं कोसच्या कोस चाललेलं असतं. ते थांबवणार कसं?”

दुकानाच्या दारातून सुभद्राकाकी पहिल्यांदा बोलल्या. “भिंत घालून.”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“किनाऱ्यापासून आत भिंत घातली तर लाट अडतली. लाट अडली काय ढवळूचा थांबता. वरून सपाट केलास तर आणखी बरा. रुंद व्हयी. आणि तीस वाव लांब.”

साहेबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तो मी याआधी फक्त बदलीचा हुकूम मनासारखा निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिला होता. “वायू अटकाव भिंत,” ते हळूच म्हणाले. “महाराष्ट्रातली पहिली.”

“साहेब, त्या धक्का सांगताहेत,” ऋजुताबाई म्हणाल्या.

“मॅडम, मला तांत्रिक अभिप्राय हवा. भिंत बांधल्यावर समुद्र वायू सोडायचा थांबेल, असं तुमच्या सहीनं. मग मी आजच मंजुरी देतो. नाहीतर हे बिराजदार इथंच लिहून देतील की समुद्र चुकून लिहिला. प्रकरण मिटलं. स्पर्धा मिटली. यांचं पुढं काय करायचं ते आम्ही बघू.”

“मी खोटं लिहिणार नाही.”

“तर मग, बिराजदार, कागद घ्या.”

मी कागद घेतला. घरी आईवडील, दोन धाकट्या बहिणी, आणि सबंध भावकीत नोकरीला लागलेला मी एकटा. एक ओळ लिहून हातापाया पडलो असतो तर कदाचित ताकीद देऊन सोडलंही असतं. मी ‘समुद्र’ एवढा शब्द लिहिला आणि वर पाहिलं. सुभद्राकाकी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या दारातून बाहेर, पाण्याकडे बघत होत्या.

तेव्हाच बाहेर ओरडा झाला. दोन होड्या परतल्या होत्या.

बायका टोपल्या घेऊन पाण्यात शिरल्या. आम्ही दुकानाबाहेर आलो. पहिली होडी कशीबशी सरळ राहिली. दुसरी आडवी व्हायला लागली आणि तिच्या कडेला लोंबकळणाऱ्या दोन बायका ओरडायला लागल्या. कोणी काही म्हणायच्या आत ऋजुताबाई पेटी टाकून पाण्यात धावल्या. मदतीला. पोहता येत असेल, शिकलेल्या होत्या. पण लाटेत होडी कशी धरायची हे शिकवणारी शाळा नसते. पुढच्याच लाटेनं त्यांना आडवं केलं आणि त्या दिसेनाशा झाल्या.

सुभद्राकाकी पाण्यात गेल्या. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. जी बाई तळव्याला थेंब लागू देत नव्हती ती लुगड्यासकट लाटेत घुसली, हात खाली घातला आणि ऋजुताबाईंना वेणीला धरून वर काढलं. वेणीला धरूनच काठापर्यंत ओढत आणलं. तोवर पुरुषांनी होडी सरळ केली होती. मासळी निम्मी गेली, माणसं सगळी आली.

हंबर्डे साहेब जीपमध्ये जाऊन बसले होते.

ऋजुताबाई जिवबाच्या बाकावर बसून पाणी ओकल्या, खोकल्या, मग जिवबानं दिलेला सोडा प्यायल्या. काकी त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या. चिंब भिजलेल्या, आणि ओठ पांढरे पडलेले. मला वाटलं थंडीनं.

“बायो,” काकी म्हणाल्या, “माका खोटा नको. माका धक्को व्हयो.”

ऋजुताबाईंनी सोड्याची बाटली खाली ठेवली. मग माझ्याकडे वळल्या. “भाऊसाहेब, समजा मंजुरी आजच मिळाली. काम पुरं कधी होईल?”

“दसऱ्याला सुरू केलं तर डिसेंबरअखेर. पण तीस वाव नाही व्हायचं. बारा फार तर.”

“आणि तपासणी?”

“जानेवारीत.”

त्यांनी माझ्यासमोरचा कागद ओढून घेतला. त्यावर मी लिहिलेला ‘समुद्र’ होताच. त्याच्यापुढेच त्यांनी लिहायला घेतलं. ‘समुद्र किनाऱ्यालगत कसा वागतो हे प्रत्यक्ष पाहिले. डिसेंबरमध्ये भिंत बांधून पूर्ण झाल्यावर जानेवारीत जी मोजणी होईल, तीत येथील समुद्र वायू सोडताना आढळणार नाही. तो वायू शोषून घेताना आढळेल.’ खाली सही, तारीख.

मी तीनदा वाचलं. “पण मॅडम, हे तर...”

“शब्द न् शब्द खरा आहे,” त्या म्हणाल्या. “आपण बसून राहिलो तरी जानेवारीत हेच होणार आहे. ‘भिंतीमुळे’ असं मी कुठं लिहिलंय? दाखवा.”

नव्हतं लिहिलं. साहेबांनी मात्र ते जीपमध्ये बसल्याबसल्या वाचलं.

डिसेंबरात बारा वाव भिंत उभी राहिली. वरून सपाट, रुंद, कडेला लोखंडी कड्या. कड्या कशाला, असं साहेबांनी विचारलं तेव्हा काकींनी वायू बांधायला म्हणून सांगितलं. तोंडाशी पाटी लागली. ‘वायू अटकाव भिंत. येथे होड्या लावू नयेत.’ पाटीचा खांब मजबूत होता, त्याला पहिल्या दिवसापासून चार होड्या बांधलेल्या असायच्या. जानेवारीत पेटी आली, नळी पाण्यात गेली, समुद्र इमानेइतबारे शोषत होता. साहेबांना पदक मिळालं.

पुढच्या ऑगस्टला पुन्हा नोटीस आली. ‘समुद्र पुन्हा वायू सोडत असल्याचे आढळून आले आहे.’

“भाऊसाहेब,” काकी शांतपणे म्हणाल्या, “लिवा. भिंत लांबीक कमी पडता.”

मी लिहिलं. पदक मिळालेल्या साहेबांना भिंत चुकीची होती असं म्हणणं परवडणार नव्हतं. भिंत आखूड होती असं म्हणणं परवडत होतं. सहा वाव वाढले. त्याच्या पुढल्या ऑगस्टला नोटीस, आणखी सहा. दरवर्षी एप्रिलमध्ये स्पर्धेचा अर्ज यायचा आणि मी दरवर्षी, आता चांगलं उमगून, भरायचो. विहिरी – नग चौदा. तळे – नग एक. समुद्र – नग एक. दोनदा माझी बदली औश्याजवळ होत होती. दोनदा मीच ती थांबवली. आई फोनवर म्हणाली, “तिथं काय पुरून ठेवलंयस का रं?”

मधल्या एका पंधरा ऑगस्टची गोष्ट आठवते. सकाळी झेंड्याची दोरी तुटली. मी धावत काकींच्या घरी गेलो. त्यांच्या पडवीत खुंटीला दोराचं एक जाडजूड वेटोळं कायम टांगलेलं असायचं. वापरताना कोणी पाहिलं नव्हतं, पण दर पावसाळ्याआधी काकी त्याला तेल लावायच्या. मी म्हटलं, “हा देता का? झेंड्याला.”

“तो नको,” त्या म्हणाल्या. “तो आखूड आसा.”

आमचा झेंड्याचा खांब वीस फूट. ते वेटोळं मला उचललंही नसतं. पण सरपंचांशी वाद कोण घालणार? मी जिवबाकडून सुतळी आणली.

चौथ्या वर्षी भिंत तीस वाव झाली. त्याच्या पुढच्या ऑगस्टला नेहमीप्रमाणे नोटीस आली, आणि या वेळी साहेबांचं वेगळं पत्रही होतं. ते आता मोठ्या हुद्द्यावर गेले होते. भिंत आणखी वीस वाव न्यावी, निधीची काळजी नसावी. मी पत्र नाचवतच काकींच्या घरी गेलो.

त्यांनी ऐकून घेतलं. “नको म्हणान कळवा.”

“नको? अहो काकी, तो माणूस म्हैसखडकापर्यंत नेऊन देईल!”

“पुरे झाला. दर्याक आता सोडू दी काय सोडूचा ता.”

त्यांनी खुंटीवरचा दोर उतरवला. मी पुढे झालो तर मला हात लावू दिला नाही. वेटोळं खांद्यावर घेऊन त्या किनाऱ्याकडे चालायला लागल्या. मी मागोमाग. दुकानातून जिवबानं पाहिलं आणि तो उठून उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तेव्हा मला काहीतरी कळायला लागलं.

आम्ही भिंतीवरून चालत गेलो. दोन्ही बाजूंना पाणी उसळत होतं. होड्या कड्यांना बांधलेल्या होत्या आणि बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या, पायांत चपला घालून. काकी टोकापर्यंत गेल्या. तिथं वाकून त्यांनी दोराचं एक टोक शेवटच्या कडीला बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली.

“ह्याच जागेर माझो घोव बुडलो,” त्या म्हणाल्या. “बावीस वर्षां झाली. असोच ऑगस्ट. होडी उलाटली. हात वर करून हाका मारी होतो. सगळो गाव थयसर वाळूत उभो. कोणाक पाण्यात शिराक होयना. दोर टाकलो.” त्या पाण्याकडे बघत होत्या. “दोर चोवीस वाव. तो तीस वावार.”

 

काकींनी खाली बसून दोराचं दुसरं टोक पाण्यात सोडलं. लाटेनं ते उचललं, लांब नेलं, परत आणलं. त्यांची पावलं कोरडी होती.

“आता पुरतलो,” त्या म्हणाल्या.